कानाला हात

प्रवासाच्या दिवशी साठ पूर्ण हवीत,
असं अटींत लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरांत.
निहार म्हणाला, मावशी, तू बसतेस त्यात.
कुंदामावशी नाही बसत.

कुंदा माझ्याहून दीड वर्षाने मोठी.
तिला आखूड झालेल्या फ्रॉकांत मी वाढले,
तिचीच पाटी, तिच्याच कांजिण्या,
पण आधार कार्डावर ती माझी धाकटी.

त्याचं असं झालं.
आगर बाजारातली पालिकेची शाळा,
आई दोघींना दोन हातांनी धरून उभी,
तिला दहाच्या आत सूतिकागृहात ड्युटीवर पोचायचं.
तळाशीलकर मास्तर म्हणाले, डोक्यावरून हात न्या,
पलीकडचा कान धरा.
कुंदाचा हात भांगापर्यंत जाऊन थकला.
माझा मुळातच शेवग्याच्या शेंगेसारखा,
कान धरून वर पाळी ओढून आला.
मास्तरांनी मला तिथल्या तिथे सहा वर्षांची केली.
कुंदाला म्हणाले, पुढच्या वर्षी ये, बाळ.
जन्मतारीख एक जून.
वर्गातल्या निम्म्या पोरांना
आमच्या आयांनी एकाच दिवशी जन्म दिला होता.

ते वर्ष कुंदाने सूतिकागृहाच्या जिन्यात काढलं.

पुढे सगळं त्या कानावर चाललं.
मी आधी दहावी, मी आधी नोकरीला,
गेल्या महिन्यात मीच आधी निवृत्त,
शाल, श्रीफळ, आणि एक भिंतीवरचं घड्याळ
जे दहा मिनिटं पुढे जातं.
ती अजून बँकेत पासबुकं छापते,
गुडघ्याला पट्टा बांधून.

सवलत सहा टक्के, मूळ भाड्यावर.
मूळ भाडं म्हणजे तिकिटाचं हाड.
मांस सगळं कर, इंधन, सुविधा शुल्क,
आणि खिडकीचे तीनशे वेगळे.
निहारने बोटांवर मोजलं, एकशे ब्याऐंशी वाचले.
कुंदा म्हणाली, चला, गोरेगावाहून रिक्षाचे सुटले.

ज्येष्ठांना सामानही पाच किलो जास्त.
ते पाच किलो तिचेच,
सुकट, आगळ, नागपूरच्या भावजयीसाठी मसाला,
जो ती दरवर्षी नको म्हणते आणि दरवर्षी संपवते.

दारातल्या जवानाने आमची कार्डं पाहिली,
मग आम्हाला पाहिलं,
मग पुन्हा कार्डं.
काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, आजी, तुम्ही इकडून या.
कुंदाला म्हणाली, मॅडम, तुम्ही त्या रांगेत.
मॅडम लंगडत गेल्या
दोऱ्यांच्या सहा वळणांतून.
मी दोन मिनिटांत मोकळी, आणि तिची वाट बघत उभी,
जशी ती बसायची जिन्यात
माझी शाळा सुटेपर्यंत.

तेवढ्यात जोगेश्वरीचा तौसीफ आला
रिकामी चाकाची खुर्ची ढकलत.
कोणाला हवी? मी बोट दाखवलं.
ती नको नको म्हणत बसलीसुद्धा.
त्याने वय विचारलं नाही.
खुर्चीला दाखला लागत नाही,
गुडघा पुरतो.
मग तपासणीच्या, काचेच्या दारांच्या, सगळ्या जगाच्या पुढे
कुंदा, मांडीवर पर्स, मान ताठ,
आणि मागे मी, ज्येष्ठ नागरिक,
दोन पिशव्या सावरत धावतेय.
इतक्या वर्षांनी
क्रम बरोबर लागला.

विमान उठलं. जुहूची वाळू तिरकी झाली,
होड्या नखाएवढ्या, कानांना दडे.
पट्ट्याची खूण विझली तसा
कुंदाने डावा हात वर केला,
कलप लावलेल्या भांगावरून पलीकडे नेला,
आखडलेला खांदा कुरकुरला,
आणि उजव्या कानाची पाळी धरली.

हवाई सुंदरी लगबगीने आली,
काही हवंय का आपल्याला?

हात न सोडता कुंदा म्हणाली,
पुरतोय.
लिहून घ्या.